अधिकृत भेटीचे नियम आणि यजमान विद्यार्थी : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू-भरतीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा इतिहास लिहिताना सामान्यतः संघ, सामने, विक्रम आणि प्रशिक्षक यांचा विचार केला जातो. खेळाडू मुळात त्या संघात आला कसा, हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेच्या संदर्भात मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तेथील मोठी विद्यापीठे माध्यमिक शाळेतील गुणी खेळाडू हेरतात, त्यांच्या घरी प्रशिक्षक पाठवतात आणि अखेरीस त्यांना स्वखर्चाने विद्यापीठाच्या परिसरात बोलावून घेतात. विद्यापीठाच्या खर्चाने होणाऱ्या या मुक्कामाला 'अधिकृत भेट' अशी संज्ञा आहे. खेळाडू स्वतःच्या खर्चाने आला तर ती 'अनधिकृत भेट' ठरते. आपल्याकडील विद्यापीठांत क्रीडाप्रावीण्याची दखल प्रमाणपत्रे पाहून, वाढीव गुणांच्या वा राखीव जागांच्या रूपाने घेतली जाते. खेळाडूला विमानाने आणून दोन दिवस ठेवून घ्यावे आणि त्याचे मन वळवावे, ही कल्पना आपल्या क्रीडाशिक्षकांना नवलाचीच वाटेल.

या भेटींचे नियम नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, ही संघटना करीत आली आहे. हे नियम अत्यंत बारकाईने लिहिलेले आहेत. त्यांनी तास मोजले, अंतर मोजले, तिकिटे आणि जेवणे मोजली. परंतु भेटीची रात्र ज्याच्या हाती सोपवली जाई त्या यजमान विद्यार्थ्याविषयी, आणि ही रात्र ज्यांच्या दारात जाऊन पोहोचे त्या विद्यार्थिनींविषयी, नियमावली दीर्घकाळ जवळजवळ मौन राहिली. हे मौन कोठून आले आणि ते कोणी मोडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रलोभनाची चिंता

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही हार्वर्ड आणि येल यांच्यातील नौकाशर्यत होय. 3 ऑगस्ट 1852 रोजी न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसॉकी सरोवरावर ती झाली. दोन्ही संघांचा प्रवास आणि मुक्काम यांचा भार एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण सरोवराकाठी पर्यटकांची गर्दी व्हावी अशी तिची इच्छा होती. महाविद्यालयीन क्रीडेचा आरंभच अशा रीतीने दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या सहलीत झाला, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता सूचक वाटते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी फुटबॉल हा विद्यापीठांच्या प्रतिष्ठेचा खेळ बनला आणि खेळाडू मिळवण्याची चढाओढ सुरू झाली. येलच्या संघाचा 1904 चा कर्णधार जेम्स होगन याला शिक्षणशुल्काची माफी, उत्तम निवास, क्यूबाची सहल आणि एका तंबाखू कंपनीची स्थानिक दलाली असे लाभ मिळाले होते. 1905 मध्ये हेन्री बीच नीडहॅम या पत्रकाराने 'मॅक्ल्यूअर्स' मासिकातून असे प्रकार उजेडात आणले. त्याच वर्षी मैदानावरील मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये पाचारण केले. त्यानंतरच्या हालचालींतून जी संघटना उभी राहिली, तिला 1910 मध्ये एनसीएए हे नाव मिळाले.

या संघटनेच्या 1906 च्या मूळ नियमांत शाळेतील नामांकित खेळाडूंना वेगळे काढून त्यांनी विशिष्ट महाविद्यालयात यावे म्हणून प्रयत्न करणे हेच अनुचित मानले होते. म्हणजे आरंभीची भूमिका अशी की, भरती नकोच. परंतु अंमलबजावणीची जबाबदारी प्रत्येक संस्थेवर सोपवलेली असल्याने ही भूमिका कागदावर राहिली. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने हॉवर्ड सॅव्हेज यांनी ऑक्टोबर 1929 मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात पाहणी केलेल्या 112 संस्थांपैकी 81 संस्थांत खेळाडूंना या ना त्या स्वरूपात आर्थिक साहाय्य मिळत असल्याचे आढळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर 1948 मध्ये 'सॅनिटी कोड' या नावाने ओळखली जाणारी संहिता स्वीकारण्यात आली. गरजेनुसार शिक्षणशुल्क द्यावे, परंतु प्रशिक्षकांनी आर्थिक साहाय्याचे आमिष दाखवून खेळाडू आणू नयेत, असा तिचा आशय होता. संहितेचे पालन न करणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव 1950 मध्ये मताला टाकला गेला. 111 मते बाजूने आणि 93 विरोधात पडली. दोन तृतीयांश बहुमत न मिळाल्याने ठराव बारगळला आणि वर्षभरात संहिताही गेली. 1956 मध्ये क्रीडाकौशल्यावर आधारित शिष्यवृत्ती उघडपणे मान्य झाली. भरती थांबवता येत नाही म्हणून ती नियमांत बसवावी, हे धोरण त्यानंतर स्थिर झाले. भेटीचे नियम हे या तडजोडीचे अपत्य होय.

अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचलित असलेले अधिकृत भेटीचे नियम पाहिले म्हणजे त्यामागील दृष्टी स्पष्ट होते. सर्वोच्च श्रेणीच्या स्पर्धेत खेळाडूला अशा पाच भेटी घेता येत, एका विद्यापीठाला एकच. भेट शाळेच्या अंतिम वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावरच घेता येई. तिचा कालावधी 48 तासांपेक्षा अधिक असता कामा नये. मनोरंजन विद्यापीठाच्या परिसरापासून 30 मैलांच्या आत व्हावे. अनधिकृत भेटीत खेळाडूला सामन्याची तीन विनामूल्य तिकिटे देता येत, जेवण आणि मुक्काम मात्र त्याचा त्याने करावयाचा. अधिकृत भेटीत त्याला एका विद्यार्थ्याकडे सोपवले जाई आणि खर्चासाठी त्या यजमान विद्यार्थ्याला ठरावीक रक्कम मिळे. 2004 च्या सुमारास ती दिवसाला 30 डॉलर होती.

ही सर्व कलमे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : एका विद्यापीठाला दुसऱ्यापेक्षा गैरवाजवी लाभ मिळतो काय? नियमांना अभिप्रेत असलेला पीडित पक्ष म्हणजे स्पर्धक विद्यापीठ. फार तर आमिषाला बळी पडणारा खेळाडू. तिसरा पक्ष त्यांच्या कल्पनेतच नव्हता. यजमानाला किती डॉलर द्यावेत हे ठरलेले होते, त्याने त्या डॉलरांनी आणि त्या रात्रीने काय करावे हे मात्र रूढीवर सोपवलेले होते. रूढी सर्वांना ठाऊक होती. पाहुण्याला 'मजा' करून द्यायची.

भरतीचे वेळापत्रकही या रूढीला पोषक होते. 1964 पासून 2024 पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय हेतुपत्राच्या पद्धतीनुसार फुटबॉल खेळाडू फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी आपल्या विद्यापीठाची निवड लेखी जाहीर करीत (2017 पासून त्यांना डिसेंबरमध्येही तशी संधी मिळाली). साहजिकच डिसेंबर आणि जानेवारीतील शनिवार-रविवार भेटींनी गजबजलेले असत. सतरा वर्षांचा मुलगा शुक्रवारी उतरे, रविवारी परते आणि मधल्या दोन रात्री एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूंच्या ताब्यात असे. अनेक दक्षिणी विद्यापीठांत पाहुण्यांच्या स्वागतासाठी विद्यार्थिनींची खास मंडळेही होती. फ्लोरिडा विद्यापीठातील 'गेटर गेटर्स' हे त्यांपैकी एक. या मंडळांच्या नावांतूनच त्यांच्याकडून असलेली अपेक्षा पुरेशी व्यक्त होते.

बोल्डर : 1997 ते 2004

कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील परिसरात जे घडले त्यामुळे हा प्रश्न प्रथमच राष्ट्रीय पातळीवर आला. डिसेंबर 1997 मध्ये तेथील एका फुटबॉल खेळाडूने दिलेल्या मेजवानीत भेटीस आलेल्या खेळाडूंनी शाळेत शिकणाऱ्या एका मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार झाली. 1998 च्या आरंभी स्थानिक सरकारी वकील मेरी कीनन यांनी विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची भेट घेतली. भेटीस येणाऱ्या खेळाडूंवर देखरेख हवी, मद्य आणि लैंगिक संबंध यांबाबत कठोर धोरण हवे, असे त्यांनी बजावले. म्हणजे इशारा मिळाला होता, आणि तो तोंडोतोंडी पसरलेल्या अफवेच्या रूपाने मिळालेला नव्हता.

1 डिसेंबर 2001 रोजी कोलोरॅडोच्या संघाने टेक्सासचा 39–37 असा पराभव करून बिग ट्वेल्व्ह विजेतेपद मिळवले. सहा दिवसांनी, 7 डिसेंबरच्या रात्री, काही विद्यार्थिनी आपल्यापैकी एकीच्या घरी जमल्या होत्या. फुटबॉल खेळाडू आणि त्या आठवड्यात भेटीस आलेले शाळकरी खेळाडू तेथे येऊन पोहोचले. त्या रात्री आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप दोन विद्यार्थिनींनी केला. लैंगिक गुन्ह्याचा खटला कोणावरही भरला गेला नाही. अल्पवयीनांना मद्य आणि गांजा पुरवल्याबद्दल काही खेळाडूंवर कारवाई झाली, एवढेच. विद्यार्थिनींनी तेव्हा दिवाणी मार्ग धरला आणि शिक्षणसंस्थांतील लिंगाधारित भेदभावास मनाई करणाऱ्या 1972 च्या कायद्यातील 'टायटल नाइन' या तरतुदीखाली विद्यापीठावर दावा दाखल केला.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ऑक्टोबर 2002 मध्ये एनसीएएने याच विद्यापीठाला भरतीचे नियम मोडल्याबद्दल शिक्षा केली. पूर्वीचे प्रशिक्षक रिक न्यूहायझल यांच्या कारकिर्दीतील 50 हून अधिक उल्लंघने नोंदवली गेली. त्यांतील बहुतेक खेळाडूंशी निषिद्ध काळात वा निषिद्ध रीतीने केलेल्या संपर्काविषयीची होती. प्रशिक्षकाने शाळकरी खेळाडूला केव्हा गाठले हे संघटनेला बिनचूक मोजता आले. 7 डिसेंबरच्या रात्रीसाठी मात्र तिच्या जाड नियमग्रंथात नेमके कलम नव्हते.

जानेवारी 2004 मध्ये दाव्यातील कागदपत्रे उघड झाली. तोवर जिल्हा सरकारी वकील झालेल्या कीनन यांनी जबाबात, फुटबॉल कार्यक्रमात मद्य आणि लैंगिक संबंध यांचा भरतीचे साधन म्हणून वापर होतो असे मत नोंदवले होते. त्यानंतर घटना वेगाने घडल्या. फेब्रुवारीत प्रशिक्षक गॅरी बार्नेट यांना रजेवर पाठवण्यात आले. मार्चमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षा बेट्सी हॉफमन यांना प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष द्यावी लागली. विद्यापीठाने स्वतःचे नियम बदलले : खेळाडूंनी यजमान होण्याची प्रथा बंद केली आणि पाहुण्यांना रात्री 11 नंतर बाहेर राहण्यास मनाई केली. मेमध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला. अधिकाऱ्यांनी अशा प्रकारांना जाणूनबुजून संमती दिल्याचा स्पष्ट पुरावा आयोगाला मिळाला नाही, देखरेखीच्या अभावावर मात्र त्याने कठोर टीका केली. बार्नेट कामावर परतले आणि डिसेंबर 2005 पर्यंत राहिले. क्रीडासंचालक रिचर्ड थार्प यांनी नोव्हेंबर 2004 मध्ये, तर हॉफमन यांनी 2005 मध्ये पद सोडले.

2004 ची नियमावली

योगायोगाने त्याच हिवाळ्यात मायामीच्या एका शाळकरी खेळाडूची भेटींची दैनंदिनी तेथील वृत्तपत्रात छापून येत होती. खासगी विमान, हॉटेलातील आलिशान खोली, एकामागून एक मागवलेले लॉबस्टर यांचे त्याने केलेले निरागस वर्णन वाचून देशभर हशा पिकला. एनसीएएने डेव्हिड बर्स्ट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले आणि ऑगस्ट 2004 मध्ये नवे नियम तातडीने लागू केले. या नियमांवर लॉबस्टरची छाया बोल्डरपेक्षा अधिक गडद पडलेली दिसते. प्रवास व्यापारी विमानाच्या साध्या वर्गानेच व्हावा, खासगी वा भाड्याच्या विमानाने नाही. वाहने, जेवण आणि निवास इतर विद्यार्थ्यांना मिळतात त्याच धर्तीचे असावेत. पाहुण्याच्या नावाचा गणवेश करू नये, रिकाम्या मैदानात त्याच्या नावाचा पुकारा करून सामन्याचा देखावा उभारू नये.

तरीही दोन कलमे खरोखर नवी होती. एक म्हणजे, यजमान हा संघातील खेळाडू असावा किंवा सर्व भावी विद्यार्थ्यांना परिसर दाखवण्यासाठी ज्या पद्धतीने विद्यार्थी नेमले जातात त्याच पद्धतीने नेमलेला असावा. केवळ खेळाडूंसाठी राखलेली स्वागतमंडळे त्यामुळे नियमबाह्य ठरली. दुसरे म्हणजे, 1 डिसेंबर 2004 पर्यंत प्रत्येक विद्यापीठाने भेटींविषयीचे लेखी धोरण तयार करावे, त्यास अध्यक्षांची वा कुलपतींची मान्यता घ्यावी आणि मद्य, अमली पदार्थ, लैंगिक संबंध, जुगार यांचा भरतीसाठी वापर त्यात निषिद्ध करावा. यजमान विद्यार्थी आता निदान कागदावर उत्तरदायी झाला.

परंतु धोरणाचा तपशील संघटनेने ठरवला नाही. विमानाचा वर्ग सर्व देशासाठी एक, रात्री परतण्याची वेळ ज्याच्या त्याच्या मर्जीची, अशी ही विभागणी होती. 1906 मध्ये अंमलबजावणी संस्थांवर सोपवून जी चूक झाली, तिचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल. प्रथाही एका परिपत्रकाने संपत नाहीत. 2009 मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या स्वागतमंडळातील विद्यार्थिनी भावी खेळाडूंना पाहण्यासाठी साउथ कॅरोलायनातील एका शालेय सामन्यापर्यंत गेल्याचे उघड झाले, तेव्हा त्याचा प्रत्यय आला.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

कोलोरॅडोच्या दाव्यात 31 मार्च 2005 रोजी जिल्हा न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे 1998 आणि 1999 चे निर्णय होते. त्यांनुसार संस्थेला अत्याचाराची प्रत्यक्ष माहिती असेल आणि तरीही तिने जाणूनबुजून दुर्लक्ष केले असेल, तरच टायटल नाइनखाली तिच्यावर दायित्व येते. 7 डिसेंबरच्या मेजवानीत काय होणार याची माहिती आधी कोणाला असणार?

6 सप्टेंबर 2007 रोजी दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. न्यायमूर्ती हॅरिस हार्ट्झ यांनी लिहिलेल्या निकालपत्राने प्रश्नाची मांडणीच बदलली. भावी खेळाडूला 'मजा' करून देणे हा विद्यापीठाच्या अधिकृत कार्यक्रमाचाच भाग असेल, त्यासाठी यजमान विद्यापीठानेच नेमला असेल आणि पुरेशा देखरेखीवाचून कोणता धोका संभवतो हे आधीच्या घटनांवरून उघड असेल, तर त्या विशिष्ट रात्रीची पूर्वमाहिती असण्याची गरज उरत नाही. पोलिसांना आवश्यक ते प्रशिक्षण न देणाऱ्या नगरपालिकेच्या दायित्वाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये, ऑहायोतील कँटन शहराच्या प्रकरणात, जे तत्त्व मांडले होते त्याचा आधार येथे घेण्यात आला. अत्याचार झाला की नाही हे न्यायालयाने ठरवले नाही. पुरावा ज्यूरीपुढे जाण्याजोगा आहे, इतकेच ते म्हणाले. तेवढे पुरेसे ठरले. डिसेंबर 2007 मध्ये विद्यापीठाने एकूण 28 लाख 50 हजार डॉलर देऊन दावा मिटवला आणि टायटल नाइनविषयी स्वतंत्र सल्लागार नेमण्याचेही मान्य केले.

या निर्णयाचे महत्त्व रकमेत नाही. भेटीच्या नियमांत ज्या विद्यार्थिनीला स्थानच नव्हते, ती आता कायद्याच्या दृष्टीने त्या भेटीतील एक पक्ष ठरली. आणि यजमान विद्यार्थी हा तोवर संघाचा उत्साही सभासद मानला जाई. न्यायालयाने त्याला विद्यापीठाने नेमलेली व्यक्ती म्हणून पाहिले. क्रीडासंघटनेने शंभर वर्षांत जे केले नाही ते नागरी हक्कांच्या कायद्याने केले, याची नोंद क्रीडा-इतिहासाच्या ग्रंथांत अनेकदा तळटीपेपुरतीच होते.

लुईव्हिल आणि त्यानंतर

लेखी धोरण असूनही काय घडू शकते, हे लुईव्हिल विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखवले. तेथील बास्केटबॉल विभागातील आंद्रे मॅकगी या कर्मचाऱ्याने 2010 ते 2014 या काळात खेळाडूंच्या वसतिगृहात भेटीस आलेल्या मुलांसाठी नर्तकी आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणल्याचे ऑक्टोबर 2015 मध्ये बाहेर आले. त्या मुलांपैकी काही अठरा वर्षांच्या आतील होती. बोल्डरमध्ये रात्रीवर देखरेख करणारा प्रौढ माणूस नव्हता. लुईव्हिलमध्ये तो होता, आणि व्यवस्था त्यानेच केली होती. 2017 मध्ये एनसीएएने शिक्षा सुनावली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये अपील फेटाळले गेल्यावर 123 विजय आणि 2013 चे राष्ट्रीय विजेतेपद रद्द झाले. शिक्षेचे गणित मात्र जुनेच राहिले. खेळाडूंना अनुचित लाभ मिळाला, म्हणून ते अपात्र, म्हणून त्यांचे सामने रद्द, असा त्या निर्णयाचा युक्तिवाद होता.

13 मार्च 2020 ते 31 मे 2021 या काळात करोना साथीमुळे सर्व प्रत्यक्ष भेटींवर बंदी होती. सुमारे पंधरा महिने अमेरिकेतील शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठे पडद्यावर पाहिली. ज्यांना हे मानवले नाही त्यांनी चोरून भेटी घडवल्या. त्यांपैकी टेनेसी विद्यापीठाला जुलै 2023 मध्ये 80 लाख डॉलरचा दंड झाला. बंदीच्या काळातील भेटींचा खर्च भागवणे हा त्यातील आरोपांचा मोठा भाग होता, आणि गंभीर श्रेणीतील उल्लंघने 18 होती.

तोवर त्या नियमांचा मूळ हेतूच ढासळू लागला होता. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा व्यावसायिक लाभ घेता येऊ लागला. 6 जून 2025 रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना क्रीडाउत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली, आणि त्याची पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर इतकी ठरली. ज्या खेळाडूशी लाखो डॉलरचा करार उघडपणे करता येतो, त्याच्या जेवणाच्या थाळीवर नजर ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही. 1 जुलै 2023 पासून पाच भेटींची मर्यादाही उठली. एका विद्यापीठाला सामान्यतः एक भेट आणि दोन रात्रींचा मुक्काम हे बंधन राहिले, आणि खेळाडूबरोबर येणाऱ्या दोन कुटुंबीयांचा प्रवासखर्च विद्यापीठाला करता येऊ लागला. 2004 मध्ये बोल्डरने पाहुण्याला रात्री अकराच्या आत खोलीवर परतण्यास सांगितले होते. आता पुष्कळदा शेजारच्या खोलीत त्याचे आईवडील असतात.